खालच्या सुराची नॉर्मा

मेरो सिस्टर्स नावाच्या दोन बहिणी जगात कधीच नव्हत्या. होत्या त्या नणंद-भावजय, आणि त्यांचं आडनाव मेरो नव्हतं, हार्कर होतं. पण लीड्सहून आलेला त्यांचा मॅनेजर पॅस्को म्हणाला, हार्कर हे नाव मासळीच्या दुकानावर शोभेल, रेकॉर्डवर नाही. आणि नणंद-भावजय म्हटलं की ऐकणाऱ्याला आधी भांडण आठवतं. म्हणून त्या बहिणी झाल्या. आमच्या हेसल रोडवर, म्हणजे गोदीमागच्या मासेमारांच्या वस्तीत, लोक पोट धरून हसले, कारण दोघींनाही आम्ही, त्यांना स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून ओळखत होतो.

त्यातली वरच्या सुरात गायची ती कॉरल. देखणी, सोनेरी केसांची, हसली की गालाला खळी पडायची. खालच्या सुरात गायची ती नॉर्मा. ती दिसायला कशी होती असं विचारलंत तर रोडवरच्या निम्म्या बायकांना सांगता येणार नाही. ही हकीकत तिची आहे.

नॉर्मा पंधराव्या वर्षी गोदीजवळच्या कारखान्यात मासे कापायला लागली. बाप छातीच्या दुखण्याने आधीच गेला होता. थोरला भाऊ क्लिफ मासेमारीच्या जहाजावर जायचा, तीन आठवडे आइसलंडच्या बाजूला आणि तीन दिवस घरी. आई एडा घर सांभाळायची. तिला घरातले सगळे मॅम म्हणत. कारखान्यात थंडी अशी, की बोटांना चिंध्या गुंडाळल्याशिवाय सुरी धरवत नसे. पायाखाली पाणी, डोक्याला फडकं, आणि भिंतीवर एक रेडिओ, तोही कानठळ्या बसतील इतका मोठा लावलेला. बायका त्याच्यावर ताण करून गात. नॉर्माच्या शेजारी उभी राहायची कॉरल स्पिंक, रेल्वेतल्या एका हमालाची मुलगी. गळा गोड, पण ताल कशाशी खातात हे तिच्या गावीही नव्हतं. एक ओळ संपायच्या आत ती पुढची सुरू करायची.

"अगं कॉरल, जरा दम खा की!" व्हायोलेट टॅस्कर ओरडायची. व्हायोलेट म्हणजे कारखान्यातली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत तोंडाळ बाई. "तुझं गाणं ऐकून माझ्या हातातला मेलेला मासा पळायला बघतोय."

एक दिवस नॉर्माने, निव्वळ कानाला होणारा जाच वाचावा म्हणून, कॉरलच्या ओळीखाली आपली ओळ धरली. गाणं तेच, सूर जरा खालचा. ओळ सुरू व्हायच्या आधी तिने नाकाने मोठा श्वास घेतला आणि हातातली सुरी इंचभर उचलली. कॉरलने ते पाहिलं, तेवढाच वेळ थांबली, आणि सूर लावला. तो बरोबर जागेवर लागला. आजूबाजूच्या सुऱ्या थांबल्या. व्हायोलेट भिंतीपाशी गेली आणि तिने रेडिओ बंद केला. कामाच्या वेळात तो रेडिओ बंद झालेला आम्ही पहिल्यांदाच पाहिला.

तेव्हापासून ती पद्धतच पडून गेली. नॉर्माने श्वास घ्यायचा, नॉर्माने हात उचलायचा, आणि कॉरलने मागून यायचं. पुढे स्टेजवर पावलं टाकायची, मान वळवायची, हात पसरायचे, ते सगळं याच पद्धतीने बसवलेलं होतं. नॉर्मा पापणी लवण्याइतका वेळ पुढे असायची आणि कॉरल तिच्या मागे. बघणाऱ्यांना मात्र नेहमी वाटायचं की कॉरलच पुढे आहे. नॉर्माला तेव्हा त्याचं काही वाटत नसे, निदान ती तसं म्हणायची.

व्हायोलेटनेच त्यांना गोदी कामगारांच्या क्लबात नेलं. शनिवारी तिथे हाऊजीच्या दोन डावांच्या मध्ये गाणं असायचं, आणि आवडलं नाही तर क्लबचा सेक्रेटरी अर्ध्यावर येऊन गाणाऱ्याच्या कानात सांगायचा की, घरी जा. त्या रात्री सेक्रेटरी उठला तेव्हा व्हायोलेटने त्याला हात धरून खाली बसवलं. "बस तिथेच. या पोरींना हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे." पण तशी वेळच आली नाही. लोकांनी हाऊजीचा दुसरा डाव पुढे ढकलायला लावला. क्लबाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं.

याच सुमाराला क्लिफ कॉरलच्या प्रेमात पडला आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या तीन दिवसांत लग्न उरकून मोकळा झाला. लग्नानंतर तो पहिल्यांदा समुद्रावर निघाला, त्या पहाटे टॅक्सी दाराशी आली. क्लिफ थैला घेऊन बसला आणि कॉरलने दारातून हात वर केला. तो पुरता वर जायच्या आत मॅमने तिचं मनगट पकडलं.

"हात खाली! बुडवायचाय का माझ्या पोराला?"

"मी नुसता निरोप..."

"निरोप द्यायचा नसतो. जाणाऱ्याच्या मागून हात हलवायचा नाही, दारात उभं राहायचं नाही, आणि आज घरात एक रुमालसुद्धा धुवायचा नाही. रेल्वेवाल्याच्या घरात शिकवत नाहीत वाटतं हे."

नॉर्मा जिन्यावर उभी राहून हसत होती. तिला हे सगळं आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं. नंतर तिने कॉरलला स्वयंपाकघरात नेऊन चहा दिला आणि म्हणाली, "मनावर घेऊ नकोस गं. मॅम सगळ्यांनाच ओरडते. तू फक्त माझ्याकडे बघत जा. मी करीन तसं कर, म्हणजे चुकणार नाहीस."

पॅस्को आला तो एकोणीसशे चौसष्ट साली. त्याने त्यांना मेरो सिस्टर्स केलं, कॉरलचं लग्न झालंय हे कुठे बोलायचं नाही अशी ताकीद दिली आणि लंडनला नेऊन दोन गाणी रेकॉर्ड केली. पहिलं पडलं. दुसरं चढत चढत नवव्या नंबरावर गेलं. हेसल रोडवर एक खिडकी अशी नव्हती जिच्यातून ते ऐकू येत नव्हतं. मॅमने रेकॉर्ड वाजवायचं यंत्र हप्त्यांवर आणलं आणि ज्यांना नको होतं त्यांनाही ऐकवलं. मासिकांतून फोटो आले. फोटोत कॉरल पुढे आणि नॉर्मा तिच्या खांद्यामागे. चाहत्यांची पत्रं पोतं भरून यायची, आणि त्या पोत्यात नॉर्माच्या नावाची कधी तीन असायची, कधी दोन. ती पत्रं ती जपून ठेवायची. एकदा पॅस्को गंमतीने म्हणाला, "नॉर्मा, तू म्हणजे पावाखालचं लोणी. दिसत नाहीस, पण नसलीस तर घास उतरत नाही." सगळे हसले. नॉर्माही हसली, आणि घरी आल्यावर हातपाय न धुता तशीच झोपली. तिला राग आला होता. कोणावर ते तिला सांगता येईना, म्हणून तिने तो कोणालाच सांगितला नाही.

सहासष्टच्या जानेवारीत त्यांना शनिवारच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. लंडनचं थिएटर, सगळा देश बघणार, आणि जे काय होईल ते तिथल्या तिथे घराघरांत दिसणार. त्याच शनिवारी पहाटेच्या भरतीला क्लिफचं जहाज, ब्रँबलडेल, गोदीतून निघालं. दोघी आदल्या दिवशीच लंडनला पोचल्या होत्या, त्यामुळे दारात उभं राहण्याचा प्रश्नच आला नाही.

दुपारी तालमीत कळलं की कार्यक्रमाच्या शेवटी सगळ्या कलाकारांनी ओळीत उभं राहून घरच्या प्रेक्षकांना हात हलवून निरोप द्यायचा असतो. दर शनिवारी तसंच होतं. घरी बसून बघताना त्या दोघींनी ते पन्नास वेळा पाहिलं होतं, आणि एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

कॉरल खोलीत येऊन दार लावून म्हणाली, "नॉर्मा, मी नाही हात हलवणार. क्लिफ आज सकाळी निघालाय."

"पॅस्कोला सांगू या."

"काय सांगणार? माझा नवरा जहाजावर आहे? तो म्हणेल, कसला नवरा, तू तर कुमारी आहेस."

नॉर्माने विचार केला. "हे बघ. एका हाताने तू माझा हात धर. दुसऱ्या हातात फुलं असतीलच. हात मोकळाच राहिला नाही तर हलवणार काय? फक्त माझ्याकडे लक्ष ठेव."

"तू विसरणार नाहीस ना?"

"मी? अगं, मी एडा हार्करची मुलगी आहे."

गाणं असं झालं की पुन्हा तसं कधी झालं नाही. नॉर्मा आयुष्यभर सांगायची की त्या रात्री तिला आपला आवाज थिएटरच्या मागच्या भिंतीवर जाऊन टेकल्यासारखा ऐकू आला. टाळ्या थांबेनात. मग शेवटी सगळे ओळीत आले, वाद्यं वाजायला लागली, आणि दोघी ठरल्याप्रमाणे हातात हात आणि दुसऱ्या हातात फुलं घेऊन उभ्या राहिल्या. संध्याकाळभर कॅमेरा कॉरलभोवती फिरत होता. आता मात्र एक मोठा कॅमेरा सरकत सरकत बरोबर नॉर्मासमोर आला, आणि त्याच्यावरचा लाल दिवा लागला, म्हणजे आता घराघरांत याच कॅमेऱ्यातलं दिसणार होतं.

नॉर्माला वाटलं, आता मी. बास, एवढंच तिला वाटलं. समुद्र, जहाज, भाऊ, यातलं काही म्हणजे काहीच त्या क्षणी तिच्या डोक्यात नव्हतं. तिने नाकाने श्वास घेतला, कॉरलचा हात सोडला, आणि आपला हात उंच करून हलवला.

आणि कॉरल, जी सात वर्षं त्या श्वासावर चालत आली होती, तिचाही हात वर गेला.

उतरल्यावर कॉरल पांढरीफटक पडली होती. "आपण हात हलवला, नॉर्मा."

"कोणाच्या लक्षात येतंय एवढ्या गर्दीत."

"मॅम बघत असणार. मॅमला सांगशील ना, की चुकून झालं? मला फोटोंसाठी दोन दिवस राहायचंय. तू आधी पोचशील. माझ्याआधी तू सांग."

"सांगते गं. मी सांगते."

रविवारी दुपारी नॉर्मा घरी पोचली. वाटलं होतं गल्लीत लोक टाळ्या वाजवतील. मॅम चुलीपाशी पाठ करून बसली होती.

"त्या भवानीने हात हलवला," मॅम म्हणाली. "माझ्या मुलाला समुद्रावर जाऊन एक दिवस झाला नव्हता, आणि ती दात काढून हात हलवत होती. सगळ्या देशाने पाहिलं."

"मॅम..."

"तू नाही ना हलवलास? तू दिसलीच नाहीस. नुसता तुझा खांदा दिसत होता."

नॉर्माला दोन गोष्टी एकदम समजल्या. दिवा लागला होता तो कॉरलसाठी. आणि तिने काय केलं हे कोणीच पाहिलं नव्हतं. मॅमने मान वळवून तिच्याकडे बघितलं. मॅमचे डोळे रडून सुजले होते.

"नाही," नॉर्मा म्हणाली.

खोटं बोलताना माणूस फार मोठा विचार करत नाही. तिला वाटलं, आत्ता मॅम शांत होऊ दे. तीन आठवड्यांनी क्लिफ येईल, टेबलावर मासे टाकील, सगळे हसतील, तेव्हा सांगू. असलं खोटं आपण सगळेच बोलतो, आणि बहुतेकांचं निभावून जातं.

ब्रँबलडेलकडून सोळाव्या दिवशी शेवटचा निरोप आला, की वारा वाढलाय आणि सगळीकडे बर्फ धरतंय. मग रेडिओ गप्प झाला. पाच दिवसांनी मिशनचा माणूस, म्हणजे माणूस बुडाल्याची बातमी घरी आणणारा खलाशांच्या चर्चचा तो काळ्या कोटातला गृहस्थ, आमच्या गल्लीत शिरला. तो कोणाच्या दारी थांबतो हे बघायला प्रत्येक पडदा हलला. तो आधी कॉरलच्या दारी थांबला, क्लिफने गल्लीतच वेगळं बिऱ्हाड केलं होतं तिथे, आणि मग एडाच्या. एकोणीस माणसं गेली.

जहाज बर्फाने बुडतं. उडालेलं पाणी दोरांवर, डोलकाठीवर गोठत जातं, जहाज वरून जड होतं आणि कलंडतं. माणसं कुऱ्हाडी घेऊन ते फोडत राहतात आणि दमतात. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण बर्फाला कोणी घराबाहेर काढू शकत नाही. कॉरलला काढता येत होतं.

मॅमने काढलं. चर्चमध्ये एकोणीस नावं वाचली त्या दिवशी कॉरल घरच्यांच्या बाकावर बसायला आली, तर मॅमने आपली हातपिशवी त्या जागेवर ठेवली. कॉरल तिथे उभीच राहिली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला नॉर्मा होती. तिला नुसतं सरकायचं होतं. ती सरकली नाही. शेवटी कॉरल मागे जाऊन अनोळखी लोकांत बसली.

त्यानंतरचा आठवडा वाईट गेला. कॉरलच्या दारावर कोणीतरी माशांची आतडी फेकली. दुधवाला तिच्या दाराशी थांबेना. आणि शुक्रवारी चिप्सच्या, म्हणजे तळलेल्या माशांच्या आणि बटाट्याच्या, दुकानात रांग लागलेली असताना ती आली. नॉर्मा रांगेत पुढे होती, व्हायोलेट तिच्या मागे. कॉरल आत शिरताच रांग पुढे सरकून तिच्यापासून दूर झाली.

व्हायोलेट मोठ्याने म्हणाली, "काही बायकांना भूक लागते तरी कशी, कोण जाणे. नवऱ्याला हात हलवून तळाशी पाठवलं, आणि आता चिप्स."

"व्हायोलेट," कॉरल म्हणाली, "तुम्ही मला क्लबात नेलं होतंत."

"नेलं होतं. त्याचीच लाज वाटते आता. आणखी अठरा घरं बुडवलीस तू. माझा भाचा होता त्या जहाजावर."

कॉरल तिच्यापासून वळली. ती नॉर्माकडे बघत राहिली. नॉर्माला ते बघणं चांगलं माहीत होतं. गाणं सुरू व्हायच्या आधी कॉरल अशीच बघायची, श्वासाची वाट बघत. दुकानातल्या सगळ्या बायका नॉर्माकडे वळल्या. एक वाक्य पुरलं असतं. नॉर्माने काउंटरवरची व्हिनेगरची बाटली उचलली, आपल्या चिप्सवर ओतली, पुन्हा ओतली, आणि कागद गुंडाळून बाहेर गेली.

मेरो सिस्टर्स मोडल्या त्या तिथे, चिप्सच्या दुकानात. मासिकांत आलं की मेरो बहिणींचं मानधनावरून बिनसलं. ते पॅस्कोने छापून आणलं होतं. कॉरलने त्याला दोन ओळींची चिठ्ठी पाठवली की मी आता गाणार नाही, आणि रेल्वेवाल्या बापाला घेऊन ती गूल गावाला निघून गेली. पॅस्कोने नॉर्मासाठी ब्रॅडफर्डची एक मुलगी शोधून आणली, गोरी, खळीवाली. मुलगी तालाला पक्की होती. नॉर्माने श्वास घ्यायच्या आधीच ती सूर लावायची. त्यांचा पहिला कार्यक्रम आमच्याच क्लबात झाला. दोन गाण्यांनंतर सेक्रेटरी आला आणि नॉर्माच्या कानाशी लागला. त्याला धरून बसवायला व्हायोलेटही उठली नाही. सोमवारी नॉर्मा मासे कापायला परत उभी राहिली.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, आणि तरी ती तेवीस वर्षं होती. नॉर्माने लग्न केलं नाही. कारखान्यात रेडिओ चालू असायचा, बायका गायच्या, आणि नॉर्माचं तोंड मिटलेलं असायचं. भावाच्या दुःखाने आवाज गेला बिचारीचा, असं लोक म्हणायचे. मग आइसलंडने स्वतःच्या समुद्रात आमची जहाजं बंद केली, गोदी बुजली, कारखाना बंद पडला, गल्ल्याच्या गल्ल्या पाडल्या. मॅम म्हातारी होत गेली तसं तिचं कॉरलला शिव्या घालणं वाढत गेलं. जेवताना, अंघोळीच्या वेळी, झोपताना. नॉर्मा तिची वेणी घालता घालता ऐकायची. कित्येकदा ओठांवर आलं. दर वेळी तिला वाटायचं, या वयात हिला हा धक्का द्यायचा का? स्वतःला असं फसवायला माणसाला फार अक्कल लागत नाही. मॅमला धक्का बसेल याची तिला भीती नव्हतीच. मॅम आपल्याकडे कशी बघेल, याची होती.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये मॅम गेली. दहाव्या दिवशी नॉर्मा बसने गूलला गेली.

कॉरल शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. केस पांढरे, अंग सुटलेलं. दार उघडून तिने नॉर्माला ओळखलं, आत घेतलं आणि किटली ठेवली. नॉर्माने कोटही काढला नाही.

"हात आधी मी वर केला होता, कॉरल."

"मला माहीत आहे."

"तुला...?"

"अगं, मी तुझ्याशेजारी उभी होते. तू माझा हात सोडलास. तुझा श्वास ऐकू आला मला." कॉरलने दोन कप मांडले. "तुझ्याशिवाय मी कधी एक पाऊल तरी टाकलं होतं का?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर कोण ऐकणार होतं? रेल्वेवाल्याची पोर नणंदेवर ढकलतेय म्हणाले असते. ते तूच बोलायला हवं होतंस."

"मॅमने मला घराबाहेर काढलं असतं."

"नाही गं, नॉर्मा." कॉरलचा आवाज चढला नाही, हे नॉर्माला फार लागलं. "तू तिची मुलगी. दोन दिवस शिव्या घातल्या असत्या, तिसऱ्या दिवशी चहा दिला असता. म्हणून तर तू सांगायचं होतंस. तुला परवडलं असतं. मला काढलं ते कायमचं काढलं. मला माझ्या नवऱ्यासाठी चार जणींत बसून रडूसुद्धा दिलं नाही कोणी."

नॉर्मा रडायला लागली. कॉरलने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "मॅमला सांगितलंस? मरायच्या आधी?"

"नाही."

"मग इथे कशाला आलीस? मला काय नवीन सांगितलंस? जा, तिकडे जाऊन सांग."

नॉर्माने ते केलं, हे तिच्या बाजूने लिहून ठेवायला हवं. हेसल रोडवर म्हाताऱ्यांचा मंगळवारचा चहा असतो. उरलेल्या बायका तिथे जमतात, बिस्किटं चहात बुडवतात आणि कोण मेलं ते एकमेकींना सांगतात. त्या मंगळवारी नॉर्मा उभी राहिली. व्हायोलेट टॅस्कर तेव्हा चौऱ्याऐंशीची, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

"मला सगळ्यांना एक सांगायचंय," नॉर्मा म्हणाली. "त्या शनिवारी टीव्हीवर हात पहिल्यांदा मी हलवला. कॉरलने माझं बघून हलवला. मी मॅमशी खोटं बोलले, तुमच्याशीही बोलले. तिची काही चूक नव्हती."

कोणाचं तरी बिस्किट चहात पडलं. मग व्हायोलेटने हात पुढे करून तिला खाली बसवलं.

"बस, पोरी. तुझं मन मोठं आहे, आम्हाला माहीत आहे. पण मी या डोळ्यांनी पाहिलंय. तिचाच हात होता."

"मी पण हलवला, व्हायोलेट. मी आधी हलवला."

"तू तर दिसलीसही नाहीस, लाडके. सख्खा भाऊ गेला तुझा, आणि तू त्या बयेला वाचवायला बघतेस. एडा असती तर तिला अभिमान वाटला असता तुझा." आणि ती बाकीच्यांना म्हणाली, "चहा द्या गं हिला. साखर जास्त घाला."

नॉर्माने पुन्हा सांगितलं, पुढच्या मंगळवारी, आणि त्याच्या पुढच्या. तिने पाद्र्याला सांगितलं, मिशनच्या नव्या माणसाला सांगितलं. क्लबातल्या फळ्यावर कागद लावला, तो कोणीतरी प्रेमाने काढून टाकला. लोक ऐकायचे, मान हलवायचे आणि तिचा हात थोपटायचे. वर्षभराने बायका आपसांत म्हणू लागल्या की मॅम गेल्यापासून नॉर्माचं डोकं ठिकाणावर नाही, पण जीव सोन्याचा. सत्य बोलल्याबद्दल तिला शिव्या हव्या होत्या, आणि तिला मिळत होती ती जास्त साखर.

सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात ती न्यूमोनियाने गेली. चर्च भरलं होतं. आमच्याकडे इतकी गर्दी जहाज बुडाल्याशिवाय होत नाही. तरुण पाद्री तिच्याबद्दल फार चांगलं बोलला. म्हणाला, ही साधी बाई आयुष्यभर दुसऱ्याचा दोष आपल्या अंगावर घेत राहिली, यापेक्षा मोठं प्रेम कोणतं. बायकांनी डोळे पुसले. मागच्या बाकावर राखाडी कोटातली एक बाई बसली होती. ती पाद्र्याचं वाक्य संपेपर्यंत थांबली, मग उठली आणि दार हळूच ओढून बाहेर गेली.

व्हायोलेटने चाकाच्या खुर्चीतून मान वळवून पाहिलं.

"कॉरल होती ती," ती आम्हाला म्हणाली. "बघितलंत? अजून तोंड दाखवायची लाज वाटते तिला."

आम्ही तिची खुर्ची पुन्हा समोर वळवली आणि पुढच्या प्रार्थनेचं पान काढून दिलं.